न दुखणाऱ्या पायाची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नववीच्या मुलांना 'दाब' हा धडा मी जवळजवळ तीस वर्षे शिकवला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. फळ्यावर एक खिळा काढायचा आणि मुलांना सांगायचे, याचे टोक एक चौरस मिलिमीटर धरा, त्यावर फक्त एक किलो वजन ठेवा आणि हिशेब करा. उत्तर यायचे, दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलो. पोरे 'बापरे' म्हणायची आणि मी खूश व्हायचो. त्या 'बापरे'साठीच तर तो खिळा होता.

हा धडा चालू असताना तास संपल्याचा टोला द्यायला निघालेले आमचे शिपाईकाका घडीभर वर्गाच्या दारात थांबत. खिळ्याचे गणित त्यांनी माझ्या तोंडून कितीदा ऐकले असेल कोण जाणे!

ही शाळा जिवतीच्या पहाडावरची. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गडचांदूरहून घाट चढून गेले की माणिकगडचा पहाड लागतो. जिवती आज तालुक्याचे ठिकाण आहे. तेव्हा ते राजुरा तालुक्यातले एक आडगाव होते. हा सगळा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. मूळचे रहिवासी कोलाम आणि गोंड. पुढे मराठवाड्यातून, विशेषतः १९७२च्या दुष्काळानंतर, पोटासाठी बरीच माणसे पहाड चढून आली. आमचे काका त्यांच्यापैकीच. दगडगोट्यांची जमीन, कापूस आणि ज्वारी, आणि कुठेही जायचे तर पायी.

काकांना कुष्ठरोग झाला होता आणि तो औषधाने पूर्ण बराही झाला होता. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार सुचवला, 'एमडीटी' या नावाने तो गावोगाव पोहोचला, त्याचा हा गुण. पण औषधाने जंतू मरतात, मेलेली नस परत येत नाही. काकांचे दोन्ही तळपाय बधिर होते. हे मला ठाऊक होते. 'ठाऊक असणे' म्हणजे काय, ते मात्र १९९२च्या पावसाळ्यात कळले.

सकाळची प्रार्थना संपली होती. व्हरांड्यातल्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते, आणि त्यांतला एकाआड एक ठसा लाल. कुणी तरी पोर ओरडले. काकांनी मागे वळून पाहिले ते 'कुणाला लागलं रे?' असे विचारत. त्यांच्या उजव्या चपलेच्या टाचेतून खिळा वर आला होता. घरापासून शाळेपर्यंत दोन कोस ते त्या खिळ्यावर चालत आले होते. मला म्हणाले, "कळलंच न्हाई बघा, गुरुजी." आवाजात तक्रार नव्हती, जरासा संकोच होता.

जखम भरली, परत उघडली, हाडापर्यंत गेली. दोन वर्षांनी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर खिळ्याचे उदाहरण मी वर्गात कधी दिले नाही. सुईचे देऊ लागलो, जणू त्याने काही फरक पडणार होता.

'महारोगात बोटे झडतात' ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी की तिच्यावर कुणी प्रश्नच विचारत नव्हते. विदर्भात कुष्ठसेवेची केवढी थोर परंपरा आहे! वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६चे. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवनाचा पाया घातला. या माणसांनी रुग्णाला आधार दिला, काम दिले, मान दिला. पण बोटे का झडतात, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते दूर तमिळ मुलखात, वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात.

तिथे डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद होते. जन्म १९१४चा, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरातला. आईवडील इंग्रज मिशनरी. १९४७ साली ते चिंगलपुटच्या कुष्ठरुग्णालयात पाहुणे म्हणून गेले आणि तिथे गुंतले ते कायमचेच. त्यांच्या आठवणीतला एक प्रसंग असा. एका खोलीचे गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. दहा-बारा वर्षांचा एक रोगी मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली झटक्यात फिरवली. एवढ्याशा पोराला एवढी ताकद कुठून, म्हणून डॉक्टरांनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलेले आणि मुलाला त्याचा पत्ताच नाही! किल्ली रुतल्यावर आपण जिथे थांबतो, तिथे तो थांबला नव्हता. थांबवणारे कुणी नव्हते.

ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एकेका जखमेचा माग काढला. पोलिसांनी काढावा तसा. ही कशाने झाली, कधी झाली, त्या दिवशी काय काम केले? आणि हळूहळू उलगडा झाला. बोटे रोगाने सडून गळत नव्हती. रोग फक्त वेदना काढून घेत होता. बाकीचा नाश रोजच्या कामाने, चुलीच्या चटक्याने, चालण्याने होत होता.

वेदना गेल्याची भीती काय असते, ते ब्रँडनी स्वतः एकदा अनुभवले. १९५०च्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमध्ये आगगाडीचा लांबचा प्रवास करून ते मुक्कामी आले. मोजे काढताना टाचेला काही जाणवत नाही असे वाटले. टाचणी टोचून पाहिली, वेदना नाही. आपल्यालाही रोग लागला, या विचारात रात्र गेली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली, तर अशी कळ आली की ते ओरडलेच. गाडीत एका जागी बसून नस दबली होती, एवढेच! पुढे आयुष्यभर ते वेदनेला देणगी म्हणत राहिले.

माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या मास्तराला ब्रँड जवळचे वाटतात ते यामुळे, की त्यांनी जखमेचा प्रश्न दाबाच्या गणितात मांडला. त्यांच्या मते दाब तीन तऱ्हांनी इजा करतो. एक खिळ्याचा: थोड्या जागेवर प्रचंड दाब, कातडी फाटते. दुसरा घट्ट बुटाचा: दाब अगदी कमी पण तासन्‌तास, रक्तच पोहोचत नाही, कातडी मरते. आणि तिसरा, सगळ्यात फसवा, साध्या चालण्याचा. एका पावलाने काहीच होत नाही, पण त्याच जागी हजारो पावले पडली की आतला मांसल भाग सुजतो, गरम होतो, शेवटी फुटतो. आपण लांब चालताना नकळत पाऊल थोडे वेगळे टाकू लागतो, भार कधी टाचेवर, कधी कडेवर घेतो. बधिर पाय तसे करत नाही. पहिल्या पावलासारखेच दहा हजारावे पाऊल टाकतो.

यातूनच मऊ रबराची चप्पल आली. सूक्ष्म छिद्रांच्या त्या रबराला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमसीआर' म्हणतात. कुष्ठरुग्णांना सरकारी कार्यक्रमात आजही तीच चप्पल देतात. पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटियांनी वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करून अनेकांना पुन्हा कामाला लावले. पण दाब नेमका कुठे पडतो, हे दाखवणारे साधन हवेच होते. चप्पल कुठे मऊ करायची, हे अंदाजाने किती दिवस ठरवणार?

पहिले साधन अगदी साधे होते. उंचसखल रेघांची रबरी चटई, तिला शाई लावायची, वर कागद घालायचा आणि पाऊल टाकायला सांगायचे. जिथे दाब जास्त तिथे ठसा गडद. हॅरिस नावाच्या कॅनेडियन डॉक्टरांची ही चटई १९४७ची, सैनिकांच्या पायांच्या पाहणीसाठी केलेली. आपल्याकडच्या कुष्ठरुग्णालयांतही तिचा खूप उपयोग झाला. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी मोजाच केला. कापडात रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या. दाब पडला की कुपी फुटते आणि मोज्यावर निळा डाग उमटतो. बुटात घालून चालवायचे आणि मोजा काढून वाचायचा. युक्ती नामी, पण कुपी एकदाच फुटते.

मग त्यांनी मोठा डाव मांडला. वेदनाच कृत्रिम करायची! विद्यापीठातले विद्युत अभियंते जोडीला घेतले, सरकारी अनुदान मिळवले. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब ओळखणारे छोटे धातूचे सेन्सर बसवले. दाब वाढला की रुग्णाच्या कानात आवाज होई. काही वर्षे खटपट केली आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. सेन्सर महाग होते, पुन्हा पुन्हा वाकून त्यांचा धातू थकायचा, घामाने गंजायचा. हे झाले यंत्राचे अपयश, ते समजू शकते. दुसरे अपयश माणसाचे होते. कानातला आवाज रुग्ण ऐकून न ऐकल्यासारखे करीत. म्हणून आवाजाऐवजी काखेत, जिथे संवेदना शाबूत असते तिथे, विजेचा हलका झटका देऊन पाहिले. तर पान्ह्याने नट आवळताना झटका बसेल म्हणून एका गड्याने यंत्रच बंद केले, नट आवळला आणि यंत्र पुन्हा चालू केले. ब्रँड यावरून जे शिकले ते मला फार मोलाचे वाटते. बंद करता येते ती वेदना नव्हे.

मधल्या काळात इतर वाटाही निघाल्या. मद्रासच्या आयआयटीत रुग्णाला प्रकाशित काचेवर चालवून, खालून पावलाचे चित्र घेऊन दाब मोजण्याचे काम झाले. बोस्टनच्या एका कंपनीने दातांचा चावा मोजायला केलेला कागदासारखा पातळ सेन्सर पुढे बुटात गेला. पण काच दवाखान्यातच राहते आणि परदेशी पातळ पट्टी जिल्ह्याच्या गावीही परवडत नाही. आमच्या पहाडावरचा रस्ता तर काचेसारखा सपाटही नाही! हवे होते ते काही तरी मऊ, वाकणारे, हजारो वेळा दबून न तुटणारे आणि मुख्य म्हणजे स्वस्त.

आता मी तुम्हाला थेट बारामतीला नेणार आहे. दचकू नका, विषय तोच आहे.

बारामतीत १९३८ साली चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली ते पदवीधर झाले, स्टॅनफर्डला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लागले. लेसर तेव्हा जेमतेम वर्षाचे बाळ होते. पटेलांनी १९६४ साली आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर करून दाखवला. सुरुवातीला त्याची शक्ती अगदीच किरकोळ होती. मग त्यांनी नळीत नायट्रोजन मिसळला. विजेने उत्तेजित झालेला नायट्रोजनचा रेणू आपली ऊर्जा शेजारच्या कार्बन डायऑक्साइडला देतो. आग विझवताना माणसे ओळीने बादल्या पुढे सरकवतात ना, तसे. त्यातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण भाजतो. शस्त्रक्रियेपासून पोलाद कापण्यापर्यंत तो कामाला आला. १९९६ साली पटेलांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. आणि आज? नक्षीदार लग्नपत्रिका कापणारे, घरावरची अॅक्रिलिकची पाटी कोरणारे जे यंत्र शहरातल्या दुकानात घूं घूं करते, ते बहुधा पटेलांच्या लेसरचेच असते. दुकानदाराला बारामती ठाऊक असते, पटेल ठाऊक नसतात.

असेच एक कापण्याचे यंत्र अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या यंत्रशाळेत होते. जेम्स टूर यांच्या गटाने त्याखाली 'कॅप्टॉन' नावाचे पिवळसर नारिंगी प्लास्टिक ठेवले. हे प्लास्टिक उष्णतेला दाद देत नाही; अंतराळयानांतही वापरतात. लेसरची रेघ जिथून गेली, तिथे क्षणभर अडीच हजार अंशांहून जास्त तापमान झाले. प्लास्टिकमधले ऑक्सिजन, नायट्रोजन वायू होऊन उडाले, आणि मागे राहिलेल्या कार्बनने ग्राफीनच्या पापुद्र्यांचा काळा, फुगीर, सच्छिद्र पट्टा तयार केला. त्यातून वीज वाहते. २०१४च्या डिसेंबरात हे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत लोक लेसरने वीजवाहक रेघा ओढत बसले आहेत. त्याच गटाने पुढे पावावर आणि नारळाच्या करवंटीवरसुद्धा ओढून पाहिल्या.

अशी रेघ मऊ सिलिकॉन रबरात उतरवून घेतली की झाला दाबाचा सेन्सर. दाबले की पापुद्रे एकमेकांना टेकतात, विजेला जास्त वाटा मिळतात, रोध कमी होतो. सोडले की पुन्हा फुगतात. आपल्या जुन्या काळ्या टेलिफोनमध्ये हेच तत्त्व होते. बोलण्याच्या टोकात कोळशाचे कण असत, आवाजाच्या लाटेने ते दबत आणि वीज कमीजास्त होई. एडिसनने कोळशाच्या दाबाची ही करामत १८७७च्या सुमारास वापरली. फोन नीट ऐकू आला नाही की रिसीव्हर टेबलावर आपटणारी आमची पिढी. आपण कोळशाचे कण मोकळे करीत होतो, हे कुणाला माहीत!

हे सगळे मला समजावले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. जिवतीच्या शाळेतला, आता अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीत घरी आला, खिशातून एक रबराची पट्टी काढली, आत काळी नागमोडी रेघ. पहिली पट्टी त्याने नागपुरात लग्नपत्रिका कापणाऱ्या एका दुकानातल्या यंत्रावर केली होती, दुकानदाराला चहा पाजून. मला म्हणाला, "सर, जरा पाय द्या." मी टाच टेकवली आणि त्याच्या मोबाइलवर आलेख चढला. मी अंगठा टेकवला, आलेख आणखी चढला.

खरे सांगतो, अंगठा टेकला हे मला आलेखावरून कळले.

गेली सहा वर्षे मला मधुमेह आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा घेऊन माझे तळवे तपासले. हा धागा दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात आहे असे समजायचे. दहा ग्रॅमचा हा दंडक कारव्हिलच्या त्याच कुष्ठरुग्णालयातल्या कामातून आलेला आहे. मी डोळे मिटून 'हो, हो' म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आता मी धागा लावलाच नव्हता, आणि लावला होता तेव्हा तुम्ही गप्प होता." तेव्हापासून मी घरातही चप्पल घालतो, आणि रात्री सौभाग्यवती बॅटरी घेऊन माझे तळपाय पाहते. चाळीस वर्षांच्या संसारात एवढे बारीक लक्ष तिने माझ्या पायांकडे कधी दिले नव्हते.

पोराची पट्टी अजून कच्ची आहे, हे त्यानेच कबूल केले. आज दाखवलेला आकडा महिनाभराने तोच राहील याची खात्री नाही. घाम आत शिरला की सगळेच बिघडते. पहाडावरच्या चिखलात ती किती दिवस टिकेल, ते तिथे चालूनच कळेल. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. २००५च्या अखेरीस देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, त्याचा अर्थ पुष्कळांनी 'रोग संपला' असा घेतला, हे मला कधीच पटले नाही. पोराला हे ठाऊक आहे. त्याचे घर काकांच्या वस्तीतलेच.

निघताना त्याने जमिनीवर रविवारची पुरवणी पसरली, मला तिच्यावर उभे केले आणि पेन्सिलीने माझ्या पावलांची बाह्यरेषा काढून घेतली. पुढच्या खेपेला चप्पल आणतो म्हणाला. दाब जास्त झाला की वाजणारी.

मी त्याला ब्रँडच्या त्या गड्याची गोष्ट सांगितली, पान्हा आणि नटाची. आणि विचारले, "मग बंद करायचे बटण कुठे ठेवणार आहेस?"

पोरगा हसला. स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "काकूंच्या मोबाइलमध्ये."